टेक्सासमधली पहिली रानडुकराची शिकार: बेत कढईपासून उलटा आखायचा

तू विचारलंयस की ऑस्टिनला येऊन दीड वर्ष झालं, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेस, ऑफिसमधले दोघंजण हॉग हंटिंगला, म्हणजे रानडुकराच्या शिकारीला जातात, तुलाही एकदा जायचंय, बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही, तर पहिली रायफल कुठली घेऊ आणि थर्मल स्कोप (अंधारात अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारी दुर्बीण) लागेलच का. मी 2013 पासून गोंझालेस काउंटीत ग्वाडलूप नदीच्या काठच्या एका शेतकऱ्याच्या रानात डुकरं मारतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. रायफलचं उत्तर सगळ्यात शेवटी देणार आहे आणि ते मुद्दाम, कारण जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस रायफलपासून सुरू करतो आणि मग मेलेल्या डुकराशेजारी रात्री नऊ वाजता बर्फाशिवाय उभा असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे जखमी डुक्कर काट्यात सोडून घरी येतो. बेत उलटा आखायचा. कढईत काय पडणार तिथून सुरुवात करायची आणि मागेमागे बंदुकीपर्यंत यायचं.

पण त्याच्याही आधी कायदा, कारण तुझ्या बाबतीत तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुझ्या ऑफिसवाल्यांना तो माहीत असायचं काही कारण नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. ते तुला हेच सांगतील आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. तुझ्यापुरतं नाही! केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या (तुझा एच-वन-बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे, आणि त्यातून सुटायचा आपल्या लोकांचा नेहमीचा रस्ता म्हणजे इथलं रीतसर काढलेलं, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नाही हां, मित्राची रायफल दोन मिनिटं हातात घेणं, नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन मारणं, हेही त्यातच आलं. हा दंड भरून सुटायचा गुन्हा नाही, इथलं राहणंच धोक्यात येतं. त्यामुळे रेंजवर पाऊल टाकायच्याही आधी लायसन्स. सहा महिन्यांच्या वर इथे राहिलायस म्हणजे रेसिडेंटचं मिळेल, 25 डॉलर. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, सतरा वर्षांवरच्या माणसाला तो पूर्ण ऑनलाइन करता येतो, एका शनिवार-रविवारात होतो आणि खरंच नीट वाचून कर, नुसतं क्लिक क्लिक करू नकोस.

आणि एक खाच. टेक्सासचं हंटिंग लायसन्स कधीही काढलं तरी 31 ऑगस्टला संपतं. फेब्रुवारीत काढलंस तरी ऑगस्टअखेर खलास. उद्या तू स्वतःची रायफल घेतलीस, कपाटात ठेवलीस आणि नवीन लायसन्स काढायला विसरलास, तर 1 सप्टेंबरला सकाळी तू काहीही न करता बेकायदेशीर झालास. नवीन वर्षाची लायसन्सं ऑगस्टच्या मध्यालाच विकायला लागतात, तेव्हाच घेऊन टाकायचं. तुझा ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक मेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेव, मी घेतलं होतं.

आता डुक्कर. इथलं डुक्कर आपल्याकडच्या रानडुकरासारखं मूळचं जंगली नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, मग 1930 च्या दशकात काही रँचवाल्यांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्या सगळ्याची ही सरमिसळ. म्हणून एकाच कळपात काळी, लालसर, ठिपक्यांची सगळी दिसतात. राज्यात अंदाजे 26 लाख आहेत म्हणतात. गाभण राहिली की साधारण 115 दिवसांत चार-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं वर्षाच्या आत स्वतः वयात येतात. म्हणून याला ना सीझन ना मर्यादा.

माझं गाव कोकणातलं, आजोबा नाचणी आणि भाताच्या राखणीला रात्र रात्र माळ्यावर बसायचे, डबा वाजवायचे, आणि सकाळी बघावं तर एका बाजूने अर्धा गुंठा नांगर फिरवल्यासारखा उकरलेला. इथे पहिल्यांदा त्या शेतकऱ्याने मला त्याचं मक्याचं शेत दाखवलं तेव्हा मला तेच दिसलं, आणि तो माणूस एका मिनिटात आपला वाटला. (गावी सुट्टीवर गेल्यावर हे डोक्यात घेऊन जाऊ नकोस मात्र, तिकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, हौसेने शिकार अजिबात चालत नाही, पिकाचं नुकसान झालं तरी वनखात्याकडूनच जावं लागतं.)

तर कढई. खायला उत्तम डुक्कर म्हणजे 60 ते 90 पाउंडाची तरुण डुकरीण. फोटोतला तो अडीचशे पाउंडाचा सुळेवाला नर शिजवताना घरभर असा वास सुटतो की बायको परत कूलर, म्हणजे मटणाची बर्फाची पेटी, घरात आणू देणार नाही. 80 पाउंडाच्या जनावरातून हाडासकट साधारण 35-40 पाउंड मटण निघतं. दोन पुढचे फरे, दोन मागच्या मांड्या, पाठीच्या दोन पट्ट्या, आणि मान. एवढं मावेल असा मोठा कूलर आणि 40 पाउंड बर्फ गाडीत भरूनच निघायचं. रँचजवळच्या गॅस स्टेशनवर मिळेल म्हणून सोडायचं नाही, रात्री ते बंद असतं.

डुकराचं कातडं जाड आणि खाली चरबीचा थर, आतली उष्णता बाहेर पडत नाही. गोळी लागल्यापासून घड्याळ सुरू झालं असं समज. पोट लगेच साफ करायचं, कातडं काढायचं, फरे सुटे करून बर्फावर, आणि मटण 40 अंश फॅरेनहाइटच्या खाली लवकरात लवकर गेलं पाहिजे. कूलरचं बूच उघडं ठेवून गाडी थोडी तिरकी लावायची म्हणजे पाणी वाहून जातं, मटण रक्ताच्या पाण्यात भिजत पडलं की पांढरं फटक आणि बेचव होतं.

हातमोजे. हे मी ओरडून सांगतो. रानडुकरात ब्रुसेलोसिस नावाचा जंतूंचा आजार असतो, रक्तातून आणि आतल्या स्रावातून माणसाला होतो, हाताला बारीक चीर असली तरी पुरते. नायट्रिलचे मोजे दोन-दोन चढवायचे, डोळ्यावर चष्मा, आतडी आणि मूत्राशय न फोडता सावकाश. कलेजीवर डाग, गाठी सुजलेल्या, नराचे वृषण सुजलेले, असं काही दिसलं तर मोह सोड आणि ते जनावर खायला घेऊ नकोस. नंतर काही आठवड्यांनी ताप येऊन जाऊन राहायला लागला तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी रानडुक्कर साफ केलं होतं, ते स्वतः कधी विचारणार नाहीत. घरी कुत्रा असेल तर त्याला कच्चा तुकडा अजिबात नाही, डुकराच्या एका विषाणूने कुत्रा मरतो. आणि शिजवताना आतलं तापमान 160 अंशांपर्यंत गेलंच पाहिजे, फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवलं म्हणजे किडे मेले असं नसतं. आपल्या पद्धतीने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून कुकरला सहा-सात शिट्ट्या केल्या तर ती काळजीच उरत नाही, गुलाबीसर स्टेक वगैरे प्रकार याच्यात करायचे नाहीत. अजून एक, मालकाला आधीच विचार की त्याने किंवा शेजाऱ्याने डुकरांना विष घातलंय का. वॉरफरिन या विषाचं एक आमिष 2017 साली केंद्राने मंजूर केलंय, ते खाल्लेल्या डुकराची चरबी निळी पडते. निळी दिसली की सगळं टाकून द्यायचं.

मटण सांभाळायचं ठरलं की महिना आपोआप ठरतो. जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात. हरणांचा सीझन जानेवारीत संपतो, त्यामुळे रँचवाले मोकळे असतात आणि भावही उतरतो. थंडी असते, गवत वाळून बसलेलं असतं म्हणून दिसतं नीट, रॅटलस्नेक कमी बाहेर, आणि ओकची फळं आणि पिकॅन तोपर्यंत डुकरांनी संपवलेले असतात म्हणून ती फीडरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी दाणे टाकणाऱ्या पिंपाच्या, मक्याला येतात. जून ते सप्टेंबर पहिल्या वेळी नकोच, डुकराला घाम येत नाही म्हणून दिवसभर चिखलात पडून राहतं, अंधारातच बाहेर निघतं, तुझं मटण तासाभरात धोक्यात, वर टिक आणि लाल मुंग्या.

आता नेम कुठे धरायचा, आणि इथे मी माझीच गोष्ट सांगतो कारण ती मला अजून सुटत नाही. 2013 चा ऑक्टोबर, माझी दुसरी वेळ, पंचावन्न यार्डांवर एक डुकरीण आडवी उभी. मी हरणाची चित्रं बघून अभ्यास केला होता, पुढच्या पायाच्या चार बोटं मागे नेम. मारली. ती किंचाळली आणि मेस्किट या काटेरी झुडपांच्या काट्यात घुसली. दोन थेंब रक्त, त्यानंतर काहीच नाही. टॉर्च घेऊन रात्री साडेबारापर्यंत गुडघ्यावर रांगत शोधलं, हात काट्यांनी फाटले. सकाळी गिधाडं घिरट्या घालताना दिसली तेव्हा सापडली, जिथे मी रात्री दोनदा उभा होतो तिथून जेमतेम तीस पावलांवर. गोळी पोटातून गेली होती. ती किती वेळ जिवंत होती ते मला माहीत नाही. त्या शेतकऱ्याला त्याचं काही नव्हतं, त्याच्या दृष्टीने एक डुक्कर कमी झालं, पण मी त्यानंतर चार महिने बंदूक उचलली नाही.

कारण साधं आहे. डुकराचं हृदय आणि फुफ्फुसं हरणापेक्षा पुढे आणि खाली असतात. हरणाला जिथे मारतात तिथे डुकराचं पोट असतं. म्हणून आडव्या उभ्या डुकराला पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं आणि अंगाच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश जिथे संपतो तिथे थांबायचं, म्हणजे खांद्यातूनच. पाठीवरचे ताठ केस फसवतात, त्यामुळे डुक्कर आहे त्याहून उंच वाटतं आणि नेम वर जातो. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट ढालीसारखा थर असतो, अजून एक कारण त्याला पहिल्या वेळी सोडून द्यायचं. समोरून तोंड करून उभं असेल, किंवा पाठ तुझ्याकडे असेल, तर मारायचं नाही. त्याच्या मागे दुसरं डुक्कर उभं असेल तर नाही, एका गोळीत दोन जखमी होतात. मागे गाय, घर, रस्ता किंवा नुसतं आकाश असेल तर अजिबात नाही. कानामागचा नेम व्हिडिओत फार दिसतो, पण डोकं सतत हलत असतं, दोन इंच चुकलं की जबडा उडतो आणि जनावर उपाशी मरतं. तो नेम तुझ्यासाठी नाही, मीही क्वचितच धरतो.

गोळी मारल्यावर ते पडलं नाही तर घड्याळ बघ आणि अर्धा तास मचाणावरच बस. चरबीने भोक बुजतं आणि केस रक्त पितात त्यामुळे रक्ताचा माग फार कमी मिळतो, म्हणून गोळी लागली तेव्हा ते कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं हे फोनवर फोटो काढून ठेव. माग काढायला एकटा उतरू नकोस, काट्यात बसलेलं जखमी डुक्कर अंगावर येतं आणि सुळे मांडीच्या उंचीवर लागतात.

अंतर आणि मचाण याचं एकच गणित आहे ते म्हणजे वारं. डुकराची नजर मंद, कान बरे, पण नाक विचारू नकोस. टेक्सासच्या या भागात वारं बहुतेक दक्षिणेकडून, आग्नेयेकडून येतं, म्हणजे फीडरच्या उत्तरेला बसायचं. पण फेब्रुवारीत थंडीची लाट आली की वारं फिरून उत्तरेचं होतं आणि तेच मचाण कुचकामी होतं. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक फुंकर. मागच्या वर्षी अकरा जणांचा कळप, पुढे म्हातारी डुकरीण, मागे पिल्लं, माझ्यापासून सत्तर यार्डांवर आला, मी रायफल टेकवून तयार, आणि गालावर मागून गार झुळूक लागली. पावडर फुंकली तर ती सरळ त्यांच्याकडे निघाली. म्हातारीने नाक वर केलं, एकदा फुस्स केलं, आणि पाच सेकंदांत तिथे नुसती धूळ. मक्याचा एक दाणा न खाता गेले. परफ्युम, आफ्टरशेव्ह, सिगरेट, सगळं घरी.

म्हणून बुकिंग करताना गाइडला किंवा मालकाला हेच विचार. एकाच फीडरला दोन दिशांना बसायची सोय आहे का, वारं फिरलं तर दुसरीकडे नेऊन बसवणार का, टांगून साफ करायला जागा आणि पाणी आहे का, आणि नवीन माणसाबरोबर कोणी बसणार का. शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणाला तर दुसरा शोध. नुसतं किती डुकरं मिळतील हे सांगणाऱ्यापेक्षा ताजं उकरलेलं, काटेरी तारेला चिकटलेले केस, झाडाच्या बुंध्याला घासलेला ओला चिखल दाखवणारा माणूस बरा. हेलिकॉप्टरमधून मारणं इथे 2011 पासून कायदेशीर आहे, पण त्याला मी शिकणं म्हणत नाही. सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टसारखी सरकारी जंगलंही आहेत, तिथे नियम वेगळे आणि रान अफाट, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघ. दक्षिणेला लारेडोच्या बाजूला गेलास तर जॅव्हलिना हे डुकरासारखं दिसणारं वेगळं जनावर ओळखायला शीक. दुरून लहान करडं डुक्करच वाटतं पण गळ्याभोवती फिकट पट्टा असतो आणि शेपटी जवळजवळ दिसत नाही. ते रानडुक्कर धरत नाहीत, त्याला सीझन, लायसन्स आणि मर्यादा सगळं लागू आहे.

मचाणावर चढताना रायफल रिकामी, दोरीने नंतर वर ओढून घ्यायची, नळी खाली. नारंगी टोपी घाल, डुकराला त्या रंगाचं फारसं काही कळत नाही, माणसाला कळतं.

आता रायफल. सध्या विकत घेऊच नकोस. बहुतेक गाइडकडे वापरायला रायफल असते, तीच .308 किंवा 6.5 क्रीडमूरची (ही गोळ्यांच्या मापांची नावं) साधी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायची, वर तीन ते नऊ पटीचा स्कोप, बास. खांद्याला धक्का जास्त वाटला तर त्याहून लहान .243 सुद्धा साठ यार्डांवर पुरून उरते. थर्मल नको, पहिली वेळ सूर्य मावळायच्या आधीच्या तासात, स्वतःच्या डोळ्यांनी डुक्कर आणि त्याच्या मागचं सगळं दिसत असताना मारायची. त्याच जातीची रायफल रेंजवर भाड्याने घे, खिशात लायसन्स, कानाला मफ, आणि टेबलावर टेकवून नाही तर स्टुलावर बसून काठीच्या तिकाटण्यावर ठेवून मार, कारण मचाणात टेबल नसतं. सहा इंचाची कागदी डिश लाव 50 यार्डांवर. पाच गोळ्या, प्रत्येकीच्या मध्ये एक मिनिट रायफल खाली ठेवून. पाचही डिशीत बसल्या तर 75 वर जा, एक जरी बाहेर गेली तरी 50 वरच राहा. तीन वेगवेगळ्या शनिवारी पाचपैकी पाच ज्या अंतरावर बसतील ते तुझं अंतर. ते अंतर घेऊन मग गाइडला फोन कर, तो त्या हिशोबानेच तुला मचाण देईल.